प्रथिनातले शेजारी मोजताना: सिकलसेलच्या हिमोग्लोबिनवर पहिला सराव

गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबारकडच्या एखाद्या आरोग्य शिबिरात सिकलसेलची पहिली चाचणी तुम्ही पाहिली असेल. काचेच्या छोट्या नळीत द्रावण असतं, त्यात बोटातून काढलेल्या रक्ताचा थेंब पडतो आणि काही मिनिटांनी नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, करतात, कारण गढूळपणा वाहकाच्या रक्तातही येतो आणि रुग्णाच्याही. द्रावणातलं डायथायोनाइट हिमोग्लोबिनवरचा ऑक्सिजन काढून घेतं, आणि ऑक्सिजन गेलेलं सिकल हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून विरघळेनासं होतं.

नळीतला हा गढूळपणा म्हणजे रेसिड्यूंचे, म्हणजे प्रथिनाच्या साखळीत गुंफलेल्या अमिनो आम्लांचे, संपर्कच, फक्त उघड्या डोळ्यांना दिसणारे. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात; एका रेणूच्या बीटा साखळीवरचं सहाव्या जागेचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खळग्यात जाऊन बसतं, त्याच्यापुढे तिसरा रेणू, पुढे चौथा, आणि दोरी वळत जाते. लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा 'रेणूचा आजार' असल्याचं दाखवलं. व्हर्नन इंग्रम यांनी पुढच्या काही वर्षांत बदल नेमका कुठे आहे ते शोधलं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. ते व्हॅलिन कुणाला टेकतं, हे आज घरच्या लॅपटॉपवर तासाभरात पाहता येतं. तेच आपण करणार आहोत. प्रथिनाची फाइल कधीच उघडली नसेल तरी चालेल. अमिनो आम्लं वीस असतात आणि ती साखळीत गुंफलेली असतात, एवढं माहीत असलं की पुरे.

शब्दाबद्दल थोडं. साखळीत गुंफताना अमिनो आम्लातून पाण्याचा भाग निघून जातो आणि जे उरतं त्याला रेसिड्यू म्हणतात. मराठीत 'अवशेष' म्हणता येईल, पण तो शब्द ऐकला की मला मोहेंजोदडो आठवतं. मी रेसिड्यूच म्हणणार.

पायरी १: 'टेकतात' म्हणजे काय ते आधी कागदावर लिहा

नव्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'कटऑफ, म्हणजे अंतराची मर्यादा, किती घेऊ?' माझा उलटा प्रश्नही ठरलेला: 'तुला विचारायचंय काय?' प्रथिनात संपर्क नावाची वस्तू तयार पडलेली नसते. असतात फक्त अणू आणि त्यांच्यातली अंतरं. कुठल्या अंतराला संपर्क म्हणायचं हे आपण ठरवतो, आणि ते ठरवलं तसं उत्तर येतं. त्यामुळे 'या प्रथिनात ४१२ संपर्क आहेत' हे वाक्य व्याख्येशिवाय अर्धवट आहे.

चालू वापरातल्या व्याख्या मोजक्याच आहेत. प्रत्येक रेसिड्यूच्या जागी एकच बिंदू धरायचा असेल तर अल्फा कार्बन घेतात, म्हणजे कण्यावरचा तो कार्बन ज्याला बाजूची साखळी (प्रत्येक अमिनो आम्लाचा स्वतःचा वेगळा भाग) जोडलेली असते. किंवा बीटा कार्बन घेतात, म्हणजे बाजूच्या साखळीचा पहिला अणू. ग्लायसिनला बीटा कार्बन नसतो, तिथे अल्फावर भागवतात. दोन बीटा कार्बनांमधलं अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी असेल तर संपर्क, ही व्याख्या प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या मंडळींत रूढ आहे. एकूण घडण कशी आहे, कुठला भाग कुणाजवळ आहे, अशा प्रश्नांना ती छान लागू पडते. पण आपल्या व्हॅलिनला ती पुरत नाही. ८ अँगस्ट्रॉमवरचे दोन बिंदू एकमेकांकडे पाठ करूनही उभे असू शकतात. एका भिंतीला लागून राहणारे दोघे बोलत असतीलच असं नाही, तसंच.

म्हणून कोण कुणाला खरोखर टेकतंय हे पाहायचं असेल तेव्हा सगळे जड अणू घ्यायचे, म्हणजे हायड्रोजन सोडून बाकीचे. दोन रेसिड्यूंमधली अणूंची सर्वांत जवळची जोडी ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर संपर्क. काही जण ४ घेतात, काही ५. आकडा हवेतून आलेला नाही. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या सुमारे १.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन कार्बन ३.४ वर एकमेकांना टेकतात. त्यावर थोडी सैल जागा ठेवली की ४ ते ४.५ होतात. एवढ्या फटीत मध्ये पाण्याचा रेणू घुसू शकत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा.

जाता जाता एक आठवण. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याच्या मर्यादा ठरवून, त्यावरून साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये मांडलं. आज जगभर प्रत्येक नवी रचना ज्या रामचंद्रन आलेखावर तपासली जाते, तो मुळात न होऊ शकणाऱ्या संपर्कांचा नकाशा आहे.

आपल्या सरावासाठी व्याख्या अशी: जड अणू, ४.५ अँगस्ट्रॉम, आणि दोन्ही रेसिड्यू वेगवेगळ्या हिमोग्लोबिन रेणूंमधले. वहीत लिहून ठेवा. खरंच लिहा, कारण दोन आठवड्यांनी आठवत नाही.

पायरी २: फाइल आणा

प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झाली. आता तिथे दोन लाखांहून जास्त आहेत आणि सगळ्या फुकट मिळतात. प्रत्येक रचनेला चार अक्षरांचा संकेतांक असतो. आपल्याला हवी ती २एचबीएस: ऑक्सिजन नसलेलं सिकल हिमोग्लोबिन, स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेली १९९७ ची रचना, रिझोल्यूशन (म्हणजे तपशिलाची बारकाई) २.०५ अँगस्ट्रॉम. संकेतस्थळावर टाइप करताना आकडा आणि अक्षरं अर्थातच रोमन लिपीत टाकायची. सोबत आणखी दोन उतरवून घ्या. २एचएचबी, म्हणजे ऑक्सिजन नसलेलं साधं हिमोग्लोबिन, आणि १एचएचओ, म्हणजे ऑक्सिजन धरलेलं. त्यांची गरज पुढे पडेल.

फाइल दोन स्वरूपांत मिळते. जुनी पीडीबी फाइल ही साध्या मजकुराची असते. प्रत्येक अणूला एक ओळ, आणि ओळीत ठरलेल्या जागी अणूचं नाव, रेसिड्यूचं नाव, साखळीचं अक्षर, रेसिड्यूचा क्रमांक, मग एक्स-वाय-झेड, त्यानंतर ऑक्युपन्सी (अणू त्या जागी किती वेळा सापडतो) आणि बी-फॅक्टर (तो किती डळमळीत आहे). नवी एमएमसिफ फाइल जास्त शिस्तीची आहे, आणि मोठ्या रचना आता फक्त तिच्यातच मिळतात. सॉफ्टवेअर दोन्ही वाचतात. तरी मी म्हणेन की आयुष्यात एकदा तरी पीडीबी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पंधरा मिनिटं वाचा. प्रथिन म्हणजे शेवटी आकड्यांचे तीन रकाने आहेत हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की निम्मी भीती जाते.

पायरी ३: मोजण्याआधी फाइल ओळखून घ्या

लोक सर्वांत जास्त चुका इथे करतात. मीही केल्या. सुरुवातीच्या काळात मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने मला ०.६ अँगस्ट्रॉमवरचा संपर्क काढून दिला होता. एवढ्या अंतरावर दोन अणू असूच शकत नाहीत. दोन दिवस प्रोग्राममधली चूक शोधली, आणि चूक प्रोग्रामच्या गणितात नव्हतीच. फाइलमध्ये एका सेरिनच्या बाजूच्या साखळीच्या दोन पर्यायी जागा दिलेल्या होत्या, निम्मा वेळ इथे आणि निम्मा वेळ तिथे. माझा प्रोग्राम त्या दोन जागांना दोन वेगळे अणू समजून त्यांच्यातलंच अंतर मोजत बसला होता. बायोपायथनसारखी (पायथन भाषेतला जीवशास्त्रासाठीचा प्रोग्रामसंच) तयार साधनं अशा ठिकाणी जास्त ऑक्युपन्सीची जागा आपोआप निवडतात. स्वतः लिहिणार असाल तर हे तुमचं काम.

आता २एचबीएस मध्ये काय काय आहे ते बघू. साखळ्या आठ: ए पासून एच पर्यंत. हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे दोन अल्फा आणि दोन बीटा अशी चौकडी, त्यामुळे इथे दोन चौकड्या आहेत. ए, सी, ई, जी या अल्फा, प्रत्येकी १४१ रेसिड्यूंच्या. बी, डी, एफ, एच या बीटा, प्रत्येकी १४६ च्या. एकूण ११४८ रेसिड्यू. शिवाय प्रत्येक साखळीत लोह धरलेला एक हीम, आणि भरपूर पाणी. पाणी आणि हीम पहिल्या मोजणीतून बाजूला ठेवा, पण फाइलमधून पुसून टाकू नका. पाण्यामार्फत होणारे संपर्क नंतर पाहावेसे वाटतातच.

क्रमांक जुळवा. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण पूर्ण प्रबंध यावर घसरलेले आहेत. जुन्या वैद्यकीय लिखाणात सिकलसेलचा बदल सहाव्या जागी आहे आणि नव्या जनुकीय अहवालात सातव्या. दोन्ही बरोबर. पेशी साखळी बनवताना सुरुवातीला मेथिओनिन लावते आणि नंतर काढून टाकते. जनुकवाले ते मोजतात, रचनावाले मोजत नाहीत. त्यामुळे क्रमांकावर विसंबू नका, शेजार बघा. साध्या बीटा साखळीची सुरुवात व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसिन अशी आहे. सिकलमध्ये त्यातल्या पहिल्या ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन येतं. फाइलमध्ये प्रोलिननंतर व्हॅलिन दिसलं की तुम्ही योग्य जागी आहात. एमएमसिफ फाइलमध्ये तर क्रमांकांचे दोन संच असतात: एक रचना सोडवणाऱ्यांनी दिलेला, दुसरा बँकेने एकापासून लावलेला. तुमचं साधन कुठला वाचतंय ते तपासा.

तिसरी गोष्ट, फाइलमध्ये पूर्ण रेणू आहे का? १एचएचओ उघडलीत तर साखळ्या दोनच दिसतील, एक अल्फा आणि एक बीटा. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिनही चौकडीच असतं. पण स्फटिकात उरलेला अर्धा भाग सममितीने तंतोतंत तसाच येतो, म्हणून फाइलमध्ये फक्त अर्धा लिहिलेला आहे. पूर्ण चौकडी हवी तर बँकेच्या पानावरून 'बायॉलॉजिकल असेंब्ली' उतरवायची. ही पायरी विसरून अर्ध्या रेणूची पूर्ण रेणूशी तुलना केली, तर 'ऑक्सिजन धरताच निम्मे संपर्क नाहीसे झाले' असा खळबळजनक शोध लागतो.

अल्फाफोल्डने, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामने, वर्तवलेली रचना वापरणार असाल तर आणखी एक सावधगिरी. तिथे बी-फॅक्टरच्या रकान्यात बी-फॅक्टर नसतो, खात्रीचा आकडा असतो. शंभराकडे झुकलेला म्हणजे चांगला, पन्नासच्या खालचा भाग मोजणीतून सरळ वगळा. स्फटिकाच्या फाइलमध्ये अर्थ बरोबर उलटा: बी-फॅक्टर मोठा म्हणजे अणू डळमळीत.

पायरी ४: आधी डोळ्यांनी बघा

काहीही बसवायचं नसेल तर बँकेच्या पानावरच त्रिमितीय दृश्याचं मोल-स्टार नावाचं साधन उघडतं. वरच्या क्रमवारीतून साखळी निवडा, सहाव्या रेसिड्यूवर क्लिक करा. ते जवळ आणतं, आजूबाजूचे रेसिड्यू काड्यांच्या रूपात उभे करतं आणि संपर्क तुटक रेषांनी दाखवतं. पुढे नियमित काम करायचं असेल तर कायमेराएक्स किंवा पायमॉल हे सॉफ्टवेअर शिका. कायमेराएक्स शिक्षण-संशोधनासाठी मोफत आहे आणि त्यात संपर्क व हायड्रोजन बंध शोधण्याच्या तयार आज्ञा आहेत. नवख्या माणसाला मी तेच सुचवतो.

चारही बीटा साखळ्यांचे सहाव्या जागेचे व्हॅलिन एकेक करून पाहा. सगळे सारखे दिसणार नाहीत, आणि यात तुमची काही चूक नाही. सिकलच्या दोरीत प्रत्येक चौकडीतल्या दोन व्हॅलिनांपैकी एकच शेजारच्या खळग्यात बसतं, दुसरं मोकळं राहतं. शिवाय एखाद्याचा जोडीदार फाइलबाहेरच्या प्रतीत असू शकतो. त्यासाठी कायमेराएक्स किंवा पायमॉलमध्ये स्फटिकातल्या सममित प्रती उभ्या करून पाहायच्या.

जे व्हॅलिन बसलेलं दिसेल, त्याच्याभोवती दुसऱ्या चौकडीच्या बीटा साखळीवरचे फिनाइलअॅलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ दिसायला हवेत. ॲलनिन ७० ही त्याच खळग्याच्या भिंतीत आहे. तिघांचीही बाजूची साखळी पाण्यापासून दूर राहणारी. व्हॅलिनही त्याच जातीचं. तिथे विद्युतभार असलेलं ग्लुटामिक असतं तर ते या तेलकट खळग्यात शिरलंच नसतं. सगळ्या आजाराचं मूळ एवढ्याशा जागेत आहे. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ नुसता स्क्रीन फिरवत बसलो होतो.

पायरी ५: आता मोजा

गणित नववीतलं आहे. दोन अणूंच्या एक्स, वाय, झेड मधले फरक घ्या, प्रत्येकाचा वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. फरक २, १ आणि ३ असतील तर १४ चं वर्गमूळ, म्हणजे ३.७४ अँगस्ट्रॉम. संपर्क आहे. एका व्हॅलिनसाठी हे एक्सेलमध्येसुद्धा होतं, आणि शिकताना तसं एकदा करावंच: व्हॅलिनच्या सात जड अणूंच्या ओळी, फिनाइलअॅलनिनच्या अकरा, सत्त्याहत्तर अंतरं, त्यातलं सर्वांत लहान.

सगळ्या रचनेसाठी मात्र एक्सेल नको. ११४८ रेसिड्यूंच्या जोड्या ६,५८,३७८ होतात. जड अणू साधारण पावणेनऊ हजार, त्यांच्या जोड्या चार कोटींच्या घरात. त्यातल्या बहुतेक जोड्या एकमेकींपासून इतक्या लांब असतात की मोजणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. म्हणून तयार साधनं आधी जागेचे कप्पे पाडतात आणि शेजारच्या कप्प्यांतच शोधतात. बायोपायथनमध्ये या कामाला 'नेबरसर्च' नावाचा विभाग आहे. त्याला अणूंची यादी द्यायची, त्रिज्या ४.५ द्यायची आणि उत्तर अणूंच्या पातळीवर हवं की रेसिड्यूंच्या, ते सांगायचं. काही सेकंदांत यादी हातात येते.

यादीतून काय गाळायचं ते मात्र तुम्हीच ठरवायचं. क्रमाने लागून असलेले रेसिड्यू तर रासायनिक बंधानेच जोडलेले असतात, त्यांचा 'संपर्क' काही सांगत नाही. एकाच साखळीतले संपर्क पाहताना क्रमांकांत निदान चारचा फरक असलेल्या जोड्याच घ्यायची पद्धत आहे. आपला प्रश्न दोन चौकड्यांमधला आहे, त्यामुळे आपण ए ते डी एका गटात आणि ई ते एच दुसऱ्या गटात टाकू, आणि फक्त गटांमधल्या जोड्या ठेवू. पहिले चार आणि नंतरचे चार अशा गटांतच दोन चौकड्या आहेत ना, याची खात्री आधी चित्रात करून घ्या.

यादी आली की लगेच विश्वास ठेवू नका. उत्तर आधीच माहीत असलेली एखादी गोष्ट मोजून पाहा. माझी आवडती चाचणी हिमोग्लोबिनमध्ये फार सोपी आहे: बीटा साखळीतलं ९२ वं हिस्टिडिन हीमच्या लोहाला धरून असतं, आणि त्याचा नायट्रोजन लोहापासून साधारण २.१ ते २.२ अँगस्ट्रॉमवर हवा. तुमच्या प्रोग्रामला हे अंतर ८ किंवा २० मिळालं, तर साखळी, क्रमांक किंवा रकाना यांपैकी काहीतरी चुकलंय. मग पुढचे आकडे छापू नका.

पायरी ६: जवळ आहेत, पण कशाने?

अंतर एवढंच सांगतं की दोघं जवळ आहेत. नातं कुठलं ते अणूंच्या जातीवरून कळतं. हायड्रोजन बंधासाठी देणारा आणि घेणारा अणू, बहुधा नायट्रोजन किंवा ऑक्सिजन, ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत हवेत आणि कोन बरा हवा. मळसूत्रातला, म्हणजे साखळीच्या स्प्रिंगसारख्या वळलेल्या भागातला (हेलिक्स), नेहमीचा बंध २.९ च्या आसपास असतो. क्ष-किरणांनी काढलेल्या बहुतेक रचनांमध्ये हायड्रोजन दिसतच नाहीत, त्यामुळे कोन मोजायचा तर सॉफ्टवेअरकडून हायड्रोजन बसवून घ्यावे लागतात. सॉल्ट ब्रिज म्हणजे उलट भारांची जोडी: लायसिन किंवा आर्जिनिनचा नायट्रोजन आणि ॲस्पार्टिक किंवा ग्लुटामिकचा ऑक्सिजन, ४ अँगस्ट्रॉमच्या आत. दोन सिस्टिनांमधला डायसल्फाइड हा तर खरा रासायनिक बंध, २.०५ च्या आसपास. तेलकट संपर्काला कार्बन-कार्बन ४.५ पर्यंत धरतात.

या चाळणीतून आपली यादी काढली की व्हॅलिन ६ चे बहुतेक संपर्क कार्बन-कार्बन प्रकारचे निघतील. जवळच थ्रिओनिन ४ आणि शेजारच्या बीटा साखळीवरचं ॲस्पार्टिक ७३ यांच्यात हायड्रोजन बंध शोधा.

इथे एक सवय लावून घ्या. ३.४९ ला बंध आहे आणि ३.५१ ला नाही, असं कधी लिहू नका. २ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनच्या रचनेत अणूची जागाच काही दशांशांनी इकडेतिकडे असू शकते. मी प्रत्येक निष्कर्ष ४, ४.५ आणि ५ अशा तीन कटऑफवर काढून पाहतो. आकडे बदलणारच. मुद्दा बदलला, तर तो मुद्दा नव्हताच. शिवाय ॲस्परजिन, ग्लुटामिन आणि हिस्टिडिन यांच्या बाजूच्या साखळ्या फाइलमध्ये कधीकधी उलट्या बसवलेल्या असतात. तिथे नायट्रोजन आणि ऑक्सिजनची (हिस्टिडिनमध्ये नायट्रोजन आणि कार्बनची) अदलाबदल होते आणि बंध उगाच हरवतो किंवा उगवतो.

संपर्कांची संख्या म्हणजे ताकद नव्हे, हेही आत्ताच सांगून टाकतो. दहा सैल संपर्कांपेक्षा आत दडलेला एक सॉल्ट ब्रिज भारी ठरू शकतो. जागा किती झाकली गेली याचा अंदाज हवा असेल तर पाण्याला उघडा असलेला पृष्ठभाग मोजा. त्यात १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोळा, म्हणजे पाण्याचा रेणू समजा, पृष्ठभागावरून फिरवतात. आधी एकटी चौकडी, मग शेजारणीसकट. व्हॅलिनचा उघडा भाग किती घटला, ते दोन्हींतल्या फरकावरून कळतं.

पायरी ७: नकाशा काढा

सगळे संपर्क एका चौकोनात मांडले की संपर्क-नकाशा होतो. आडवे रेसिड्यू, उभेही तेच, जोडी जुळली की ठिपका. इथे मात्र ८ अँगस्ट्रॉमची बिंदूवाली व्याख्या सोयीची. कर्ण नेहमी भरलेला असतो. मळसूत्र असेल तिथे कर्णालगत जाड पट्टा दिसतो, कारण मळसूत्रात चौथ्या रेसिड्यूचा अल्फा कार्बन सुमारे ६.२ अँगस्ट्रॉमवर येतो आणि पाचवा ८ च्या बाहेर जातो. उलटसुलट धावणाऱ्या बीटा पट्ट्या (साखळीचे ताणलेले, शेजारीशेजारी लागलेले भाग; बीटा साखळीशी या नावाचा संबंध नाही) कर्णाला काटकोनात रेघ ओढतात, एकाच दिशेने धावणाऱ्या कर्णाला समांतर. हिमोग्लोबिनमध्ये बीटा पट्ट्या नाहीतच, सगळी मळसूत्रं, म्हणून नकाशा म्हणजे तुटकतुटक जाड कर्ण आणि दूरवर विखुरलेले ठिपके. ते दूरचे ठिपके महत्त्वाचे. कुठलं मळसूत्र कुठल्याला टेकून उभं आहे ते त्यांच्यावरून कळतं.

पायरी ८: दोन नकाशे एकमेकांतून वजा करा

एकाच रचनेचा नकाशा सुंदर दिसतो, पण बोलायला लागतो तो तुलनेत. २एचएचबी आणि १एचएचओ, दुसऱ्याची पूर्ण चौकडी घेऊन, शेजारी ठेवा. ऑक्सिजन नसताना बीटा साखळीच्या शेवटचं हिस्टिडिन १४६ आपल्याच साखळीच्या ॲस्पार्टिक ९४ ला धरतं आणि त्याचं टोक अल्फावरच्या लायसिन ४० ला. एका अल्फाचं शेवटचं आर्जिनिन १४१ दुसऱ्या अल्फाच्या ॲस्पार्टिक १२६ ला. ऑक्सिजन आला की हे सॉल्ट ब्रिज सुटतात. मॅक्स पेरुट्झ यांनी १९७० मध्ये हिमोग्लोबिनच्या वागण्याचं स्पष्टीकरण यावरच उभारलं होतं. अल्फा आणि बीटाच्या सरकत्या सीमेवर तर चक्क जोडीदार बदलतात: ऑक्सिजन नसताना अल्फा टायरोसिन ४२ आणि बीटा ॲस्पार्टिक ९९, ऑक्सिजन असताना अल्फा ॲस्पार्टिक ९४ आणि बीटा ॲस्परजिन १०२. तुमच्या वजाबाकीत या जोड्या सापडल्या, तर तुमची पद्धत चालते आहे.

चौकडी अशी आकार बदलते म्हणूनच व्हॅलिनची दोरी ऑक्सिजन असताना वळली जात नाही.

पायरी ९: हा संपर्क शरीरातला की स्फटिकातला?

स्फटिकात रेणू दाटीवाटीने रचलेले असतात, म्हणून ते एकमेकांना कुठे ना कुठे टेकणारच. अशा संपर्कांना शरीरात बहुधा काही अर्थ नसतो. सर्वसाधारण सल्ला म्हणूनच असा असतो: वेगळ्या रेणूंमधले संपर्क सोडून द्या, किंवा 'पिसा' नावाच्या सॉफ्टवेअरला विचारा की ही सीमा खरी वाटते का. सिकल हिमोग्लोबिन याला ठळक अपवाद आहे. त्याच्या स्फटिकात चौकड्यांची जी दुहेरी माळ दिसते, तशाच माळांनी पेशीतली दोरी बनते. इथे नेमका 'वेगळ्या रेणूंमधला' संपर्कच आजार घडवतो. आंधळेपणाने नियम लावला असता तर तो पहिल्याच चाळणीत गेला असता. अल्फाफोल्डला एकटी साखळी दिलीत तरी हा संपर्क दिसणार नाही, कारण दोरीतला शेजारी तिथे नाहीच.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? रचनेच्या बाहेर जाऊन. आपल्या बाबतीत पुरावा भरपूर आहे, आणि त्यातला सर्वांत सुंदर भाग खळग्याच्या काठावर आहे. बीटा साखळीवर ८५ आणि ८८ च्या मध्ये, ८७ व्या जागी, थ्रिओनिन असतं. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि तिच्यावर ८७ व्या जागी ग्लुटामिन, जे थ्रिओनिनपेक्षा लांबट. गर्भातलं हिमोग्लोबिन सिकलची दोरी वळू देत नाही. सिकलसेलच्या बाळांना पहिले काही महिने त्रास फारसा होत नाही तो या हिमोग्लोबिनमुळेच. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या एका जनुकोपचारात रुग्णाच्या पेशींना जी बीटा साखळी दिली जाते, तिच्यात हाच एक बदल मुद्दाम केलेला आहे: ८७ व्या जागी ग्लुटामिन.

तेव्हा पुढचा सराव हाच. २एचबीएस मध्ये ज्या साखळीच्या खळग्यात व्हॅलिन बसलेलं सापडलं, तिचं थ्रिओनिन ८७ निवडा. कायमेराएक्समध्ये रेसिड्यू बदलण्याचं साधन आहे, त्यातून तिथे ग्लुटामिन बसवा. बाजूच्या साखळीच्या ज्या ज्या ठेवणी ते सुचवेल, त्या प्रत्येकीसाठी पायरी ५ ची मोजणी पुन्हा करा आणि शेजारच्या चौकडीपासूनचं कमीत कमी अंतर वहीत लिहा. कुठल्या ठेवणीत ३ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी कार्बन-कार्बन अंतरं येतात, म्हणजे अणू एकमेकांवर चढतात, त्यांच्यापुढे फुली मारा. ते जमलं की १२१ व्या जागेकडे वळा. तिथे ग्लुटामिकचं ग्लुटामिन झालं की हिमोग्लोबिन डी-पंजाब होतं, आणि एका पालकाकडून ते आणि दुसऱ्याकडून सिकल आलं तर आजार बळावतो. ती जागा कुणाला टेकते, ते यावेळी न सांगता शोधा.